चार जीबीची वाटणी

२०१३च्या आसपास ज्यांच्या घरात पहिला स्मार्टफोन आला, त्यांना एक वाक्य पाठ असेल: जागा अपुरी आहे. खोक्यावर लिहिलेलं असायचं ४ जीबी. व्हॉट्सॲप टाकलं, फेसबुक टाकलं, एखादा गेम टाकला, की पुढच्या ॲपला फोन नकार द्यायचा. आणि गंमत म्हणजे त्याच फोनच्या सेटिंगमध्ये जरा खाली गेलं की 'फोन स्टोरेज' या नावाखाली जीबीभर जागा रिकामी दिसायची. जागा होती, पण ती वापरू देत नव्हते. कोण देत नव्हतं, हे कुणाला ठाऊक नव्हतं.

ताडकळस हे परभणी जिल्ह्यातल्या पूर्णा तालुक्यातलं बाजाराचं गाव. माझ्या चुलत भावाचं, दादाचं, तिथं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं आणि कॉलेजच्या सुट्ट्यांमध्ये मी तिथं बसायचो. दुकानात दर दोन गिऱ्हाइकांतलं एक हीच तक्रार घेऊन यायचं. दादा म्हणायचा, 'वाटणीच तशी झालीय बघ.' तो ज्याला वाटणी म्हणायचा त्याला पुस्तकात पार्टिशन म्हणतात. दादाचा शब्द मला जास्त बरोबर वाटतो. वाटणी म्हटलं की ती कुणीतरी केलेली असते, कुठल्यातरी कागदावर असते आणि तिच्यावरून भांडण होऊ शकतं.

तो कागद कुठून आला हे शोधायला १९८३मध्ये जावं लागतं. त्या वर्षी मार्चमध्ये आयबीएमने पीसी एक्सटी हा कॉम्प्युटर आणला. त्यात १० एमबीची हार्ड डिस्क होती. १० एमबी! आज एक बरा फोटो त्यातला अर्धा भाग खाऊन टाकेल. पण तेव्हा ही जागा इतकी मोठी मानली गेली की एकाच डिस्कवर वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिम नांदू शकतील अशी सोय करावी, असं ठरलं. पीसी डॉस २.०बरोबर त्यासाठी एक तक्ता आला. डिस्कचा पहिला सेक्टर ५१२ बाइटचा. त्यातले पहिले ४४६ बाइट मशीन सुरू करणाऱ्या कोडसाठी, पुढचे ६४ बाइट वाटणीच्या तक्त्यासाठी आणि शेवटचे दोन बाइट शिक्क्यासारखे, ५५ आणि एए. हा शिक्का दिसला की समजायचं, कागद खरा आहे.

६४ बाइटमध्ये १६ बाइटच्या चार नोंदी बसतात. म्हणून हिस्से चारच. प्रत्येक नोंदीत हिस्सा कुठल्या सेक्टरपासून सुरू होतो, किती सेक्टरांचा आहे आणि कोणत्या प्रकारचा आहे एवढंच लिहिलेलं. चार हिस्से पुरेनात, तेव्हा पुढच्या काही वर्षांत त्याला एक जोड निघाली. चारपैकी एका नोंदीत हिस्सा लिहायच्या ऐवजी 'पुढचा कागद अमुक ठिकाणी बघा' असं लिहायचं आणि तिथं आणखी एक ५१२ बाइटचा कागद ठेवायचा. याला विस्तारित पार्टिशन म्हणतात. सातबाऱ्याला पोटहिस्स्याचा कागद जोडावा तसा हा प्रकार. मूळ कागद बदलायचा नाही, फक्त पुरवण्या वाढवायच्या.

फोनच्या गोष्टीत दुसरा धागा जपानचा आहे. तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका नावाचे इंजिनिअर होते. वीज गेली तरी माहिती टिकेल, आणि पुसायची झाली तर एकदम मोठा पट्टा पुसता येईल, अशी मेमरी त्यांनी शोधली आणि १९८४ साली जगापुढे मांडली. त्यांच्या एका सहकाऱ्याला ते पुसणं कॅमेऱ्याच्या लखलखाटासारखं वाटलं, म्हणून नाव पडलं फ्लॅश. तीन वर्षांनी, १९८७ला, त्यांनी नँड फ्लॅश मांडली. आज आपल्या फोनमधली साठवण तिच्याच कुळातली. कंपनीने मोबदला नीट दिला नाही म्हणून मासुओकांना पुढे कोर्टात जावं लागलं आणि २००६ साली ८ कोटी ७० लाख येनवर तडजोड झाली. या शोधावर उभ्या राहिलेल्या धंद्यापुढे ती रक्कम म्हणजे चिल्लर.

फ्लॅशची एक खोड आहे. तिच्यावर लिहिता येतं पानापानाने, पण पुसता येतं ते गठ्ठ्यानेच. शिवाय एकच गठ्ठा पुन्हा पुन्हा पुसला की तो झिजतो. म्हणून फ्लॅशसमोर एक कारभारी बसवावा लागतो. फोन म्हणतो, 'सेक्टर नंबर एक लाखावर लिही.' कारभारी आपल्या वहीत बघून, सगळीकडे सारखी झीज व्हावी म्हणून, ते भलतीकडेच लिहितो आणि वहीत नोंद ठेवतो. फ्लॅश आणि हा कारभारी एकाच डबीत घालून बोर्डवर कायमचे डकवले की झाली ईएमएमसी. स्वस्त फोनमध्ये बरीच वर्षं हीच चिप चालत आली. याचा एक परिणाम माझ्या डोक्यात शिरायला बराच वेळ लागला: ईएमएमसीवर पार्टिशनचा बांध प्रत्यक्षात कुठेच नसतो. हार्ड डिस्कवर निदान तबकडीवरचा एखादा पट्टा दाखवता येतो. इथं एकाच हिस्स्याचे तुकडे चिपभर विखुरलेले असतात. बांध आहे तो फक्त कागदावर.

मग २०१३च्या फोनमध्ये जागा असूनही का मिळत नव्हती? कारण मला अजूनही चिडवतं. तेव्हाचा फोन केबलने कॉम्प्युटरला जोडला की पेन ड्राइव्हसारखा दिसावा, अशी अपेक्षा होती. पेन ड्राइव्हसारखं दिसायचं म्हणजे तो हिस्सा पूर्णपणे कॉम्प्युटरच्या ताब्यात द्यायचा. एकाच वेळी दोघांनी लिहिलं तर सगळाच गोंधळ. आणि विंडोजला अँड्रॉइडची एक्स्ट४ ही मांडणी वाचता येत नाही, तिला एफएटी लागते. त्यामुळे दोन वेगळे हिस्से आले. ॲप्ससाठी एक, फोटो-गाण्यांसाठी एफएटीचा दुसरा. गूगलने २०११च्या अँड्रॉइड ३.०पासून हा बांध काढून टाकायची वाट दाखवली होती, पण स्वस्त फोनवाल्यांनी तो पुढे बराच काळ ठेवला. ताडकळसच्या ज्या घरांत कॉम्प्युटरच नव्हता, त्या घरांतल्या फोनची निम्मी जागा कॉम्प्युटरच्या सोयीसाठी राखून ठेवलेली होती.

त्या काळी भारतातल्या अनेक स्वस्त फोनमध्ये तैवानच्या मीडियाटेकची चिप असायची. मायक्रोमॅक्सचा कॅनव्हास २, जो २०१२च्या शेवटी आला आणि ज्याने बऱ्याच जणांना मोठ्या स्क्रीनचं वेड लावलं, तोही त्यातलाच. या फोनचं फर्मवेअर उघडलं की बाकीच्या मोठ्या फायलींमध्ये दोन चिमुकल्या फायली असायच्या. एक एमबीआर, दुसरी ईबीआर१. प्रत्येकी ५१२ बाइट. शेवटचे दोन बाइट ५५ आणि एए. म्हणजे १९८३चा तोच कागद आणि त्याची तीच पुरवणी. दहा एमबीच्या डिस्कसाठी आखलेला तक्ता तीस वर्षांनी परभणी जिल्ह्यातल्या खिशाखिशांत पोहोचला होता. मी पहिल्यांदा ती फाइल हेक्स एडिटरमध्ये उघडली तेव्हा तो शिक्का बघून दादाला हाका मारून बोलावलं होतं. त्याने बघितलं, म्हणाला, 'बरं,' आणि सोल्डरिंगला परत गेला.

कागद इतका छोटा आणि उघडा असल्यावर लोक तो बदलणारच. या दोन फायलींमधले आकडे बदलून ॲप्सचा हिस्सा मोठा आणि फोटोंचा लहान करायचा धंदा जोरात सुरू झाला. शहरातल्या गल्ल्यांमध्ये 'मेमरी वाढवून मिळेल' असं म्हणत शंभर-दोनशे रुपयांत हे काम होत असे. मेमरी वाढत नव्हतीच, बांध सरकत होता. पण ज्याचं व्हॉट्सॲप बंद पडलं होतं त्याला काय फरक पडतो? मी या उद्योगाला नावं ठेवणार नाही. कंपनीने जे करायला हवं होतं ते ही पोरं करत होती. फक्त बरेच जण ते न समजता करत होते, आणि त्यातून एक प्रकरण आमच्या दुकानात आलं.

फेब्रुवारी-मार्च २०१४. मराठवाड्यातल्या लोकांना हे दिवस सांगायला नकोत. ऐन रब्बीच्या काढणीत गारपीट झाली. गहू, हरभरा, ज्वारी आडवी झाली. त्यानंतर काही आठवड्यांनी शेजारच्या गावातले एक तात्या फोन घेऊन आले. गारांनी झोडपलेल्या रानाचे, मेलेल्या वासराचे, पत्रे फुटलेल्या आखाड्याचे फोटो त्यांच्या पुतण्याने त्यातच काढलेले. पंचनाम्यात काही राहून गेलं तर दाखवायला तेवढाच पुरावा. मधल्या काळात पुतण्याने शहरात कुठंतरी फोनची 'मेमरी वाढवून' आणली होती. तेव्हापासून फोन सुरू व्हायचा, जुनी ॲप्सही चालायची, पण गॅलरी रिकामी. वरती एकच सूचना: स्टोरेज कोरं आहे, फॉरमॅट करा. ज्याने काम केलं त्यानेही तेच सांगितलं, फॉरमॅट दाबा म्हणजे ठीक होईल.

'म्या न्हाई दाबलं,' तात्या म्हणाले. 'कोरं हाय म्हणतंय, पर माझं रान त्यात हाय.'

त्यांनी दाबलं नाही म्हणून पुढची गोष्ट आहे. फॉरमॅट दाबलं असतं तर फोनने नव्या बांधापासून नवी, रिकामी एफएटी मांडली असती आणि ती थेट जुन्या फोटोंवर बसली असती.

पहिलं काम आम्ही केलं ते म्हणजे काहीही न लिहिता सगळी चिप लॅपटॉपवर उतरवून घेणं. मीडियाटेकच्या फ्लॅश टूलमध्ये 'रीड बॅक' नावाची सोय होती. बॅटरी कनेक्ट, केबल जोडायची आणि चार जीबी हळूहळू एका फाइलमध्ये येताना बघत बसायचं. दोनदा केबल हलली, दोनदा पहिल्यापासून. तिसऱ्यांदा दादाने केबल टेपने टेबलालाच चिकटवली. तात्या बाहेरच्या बाकावर बसून होते. त्यांना चहा पाजला, त्यांनी आम्हाला पाजला.

मग कागद बघितला. ईबीआर१मध्ये फोटोंच्या हिस्स्याची सुरुवात जिथं लिहिली होती, तिथं कॉपीमध्ये जाऊन बघितलं तर एफएटीची काही खूण नव्हती. हे अपेक्षितच. आता खरा हिस्सा कुठून सुरू होतो ते शोधायचं. एफएटी३२च्या पहिल्या सेक्टरमध्ये 'एफएटी३२' ही अक्षरं इंग्रजीत जशीच्या तशी असतात आणि शेवटी पुन्हा तोच ५५ एए. सगळ्या कॉपीत ती अक्षरं शोधली. जवळजवळ दोन ठिकाणी सापडली. आधी गडबडलो, मग उलगडलं: एफएटी३२ आपल्या पहिल्या सेक्टरची एक प्रत काही सेक्टर पुढे ठेवते. पहिली ती खरी. त्या सेक्टरमध्ये हिस्सा एकूण किती लांब आहे हेही लिहिलेलं असतं, आणि ती लांबी चिपच्या वापरायच्या जागेच्या शेवटाशी बरोबर जुळली. म्हणजे जमीन जागेवर होती. कागदावरचा बांध तेवढा कुणीतरी पुढे सरकवला होता.

ॲप्सचं काय, तर तिथं आणखी एक गंमत. त्या हिस्स्याचा बांध कागदावर वाढला होता, पण आतल्या एक्स्ट४ने आपला आकार स्वतःच्या पहिल्या पानात वेगळा लिहून ठेवलेला असतो आणि तो जुनाच होता. त्यामुळे तात्यांच्या फोनमध्ये ॲप्सची जागा एक एमबीनेही वाढलेली नव्हती. पैसे गेले, फोटो अडकले आणि मेमरी होती तेवढीच.

खरी डोकेदुखी आकडे जुळवताना झाली. तक्त्यात आकडे उलटे लिहिलेले असतात, लहान बाइट आधी. ०० ०० २० ०० असं दिसलं तर ते वाचायचं ०० २० ०० ००, म्हणजे २०,९७,१५२ सेक्टर, म्हणजे बरोबर १ जीबी. एवढं कॉलेजात शिकलो होतो. पण तेवढं करूनही मूळ फर्मवेअरच्या ईबीआर१मधला आकडा आम्हाला सापडलेल्या जागेशी जुळेना. दोन कारणं निघाली. एक, पुरवणीच्या कागदातला आकडा डिस्कच्या सुरुवातीपासून नसतो, तो त्या पुरवणीच्या स्वतःच्या जागेपासून मोजलेला असतो. मोजणी गावाच्या शिवेपासून धरायची की शेजारच्या बांधापासून, तोच प्रश्न. दोन, ईएमएमसीमध्ये मुख्य जागेच्या बाहेर फोन सुरू करण्यासाठी छोटे बूट हिस्से वेगळे राखलेले असतात, आणि फ्लॅश टूलचे पत्ते ते धरून मोजलेले होते. दोन्ही वजाबाक्या केल्यावर आकडा सेक्टरासकट जुळला.

त्यानंतरचं काम सोपं. आधी लिनक्सवर ती कॉपी त्या जागेपासून उघडली. फोटो दिसले. ते सगळे एका मेमरी कार्डवर आणि दादाच्या कॉम्प्युटरवर काढून ठेवले. मगच मूळ एमबीआर आणि ईबीआर१ फोनमध्ये लिहिले, म्हणजे एकूण १०२४ बाइट. फोन सुरू झाला, गॅलरी भरली. तात्यांनी एकेक फोटो मोठा करून बघितला. वासराच्या फोटोपाशी जरा थांबले. किती झाले विचारलं, तर दादाने शंभर सांगितले. ते दोनशे ठेवून गेले.

हेच काम हल्ली टेस्टडिस्क नावाचं फुकट सॉफ्टवेअर बऱ्याच अंशी आपोआप करतं. फ्रान्सच्या क्रिस्तोफ ग्रेनिए यांनी ते १९९८पासून चालवलं आहे. हरवलेल्या हिस्स्यांच्या खुणा शोधून ते नवा तक्ता मांडून देतं. दादाच्या दुकानातून अनेक मेमरी कार्डं त्याने वाचवली.

मात्र प्रत्येक वेळी दोष कागदातच असतो असं नाही. २०१२मध्ये सॅमसंगच्या गॅलेक्सी नोटवर अँड्रॉइड ४.० आलं, तेव्हा उलटं प्रकरण झालं. रिकव्हरीतून फोन पुसताना चिपला 'हा पट्टा मिटव' असा थेट हुकूम जाऊ लागला, आणि काही ईएमएमसी चिपांमधल्या कारभाऱ्याच्या प्रोग्रॅममध्ये असा दोष होता की हा हुकूम पाळताना त्याची वहीच बिघडायची. मग काही विशिष्ट पत्त्यांवर लिहायला गेलं की चिप गप्प. फोन लोगोवर अडकलेला. जगभरच्या वापरणाऱ्यांनी यावर शोधलेला उपाय मला फार आवडतो. पट्ट्यापट्ट्याने वाचत, चिप नेमकी कुठे अडकते ते शोधायचं. मग जुनी पार्टिशनं काढून, तेवढा पट्टा मधे सोडून, अलीकडे-पलीकडे नवे हिस्से आखायचे. काही जीबी पडीक टाकायचे आणि उरलेलं रान कसायचं. फोन चालू व्हायचे.

बांध सरकवताना सगळ्यात महाग पडणारी चूक मात्र वेगळीच होती. फ्लॅश टूलमध्ये 'सगळं फॉरमॅट करा' असाही एक पर्याय असे. तो दाबला की एनव्हीरॅम नावाचा छोटा हिस्सा जायचा, ज्यात फोनचा आयएमईआय असतो. आणि १ डिसेंबर २००९पासून आयएमईआय नसलेल्या फोनला नेटवर्क द्यायचं नाही, असा दूरसंचार विभागाचा हुकूम होता. फोन सुरू, स्क्रीन लख्ख, पण फोन म्हणून निरुपयोगी. असे फोनही दुकानात यायचे. खोक्यावरचा नंबर तपासून तो परत भरता येई, पण खोकं कितीजण जपतात?

पुढे हे सगळं बदललं. ६४ बिटच्या चिपा आल्या तसा मीडियाटेकने १९८३चा तक्ता सोडला आणि जीपीटी घेतली. इंटेलने ती सर्व्हरसाठी आखली होती. तिच्यात १२८ नोंदींची सोय, प्रत्येक कागदावर बेरीज-तपासणीचा आकडा आणि कागदाची पूर्ण प्रत चिपच्या अगदी शेवटच्या टोकाला. जुन्या कागदाची प्रत जपून ठेवण्याचं महत्त्व मराठवाड्यात कुणाला पटवायची गरज नाही. आपल्याकडे अजून खासरा पत्रकं शोधत तहसीलच्या चकरा चालू आहेत. फोटो आणि ॲप्समधला बांधही गेला. दोघं आता एकाच हिस्स्यात राहतात. २०१९च्या अँड्रॉइड १०मध्ये तर 'सुपर' नावाचा एकच मोठा हिस्सा आला आणि सिस्टिमचे आतले बांध अपडेटबरोबर आपोआप सरकू लागले. जागेवरून होणारी ती जुनी तक्रार बरीच कमी झाली.

पण त्याच अँड्रॉइड १०पासून नव्या फोनमधला माणसाचा डेटा कुलूपबंद ठेवणं सक्तीचं झालं. महागड्या फोनमध्ये हे आधीच होतं, तेव्हापासून ते स्वस्तातल्या फोनलाही लागू झालं. फोन चोरीला गेला तर तुमचे फोटो कुणाला दिसू नयेत, म्हणून हे चांगलंच आहे. मी माझ्या फोनमध्ये ते बंद करणार नाही. २०११ ते २०१५च्या आसपासची ती चार-पाच वर्षं मात्र विचित्र होती. गावातला एखादा पोरगा एका केबलवर फोन पूर्ण बिघडवूही शकत होता आणि पूर्ण वाचवूही शकत होता. कागद उघडा होता आणि रानही.

दादाकडे आजही बंद पडलेले फोन येतात. बहुतेक वेळा गिऱ्हाइकाला फोन नको असतो, आतले फोटो हवे असतात. चिप बोर्डवरून काढून रीडरमध्ये बसवली की ती ओळखली जाते. तक्ता स्वच्छ वाचता येतो, दोन्ही टोकांच्या प्रती जुळतात, कुठला हिस्सा कुठून सुरू होतो ते सेक्टरासकट कळतं. तो हिस्सा उघडला की आत नुसते विस्कटलेले बाइट. किल्ली मेलेल्या बोर्डवरच्या प्रोसेसरमध्ये असते. अशा वेळी दादा बोर्ड पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली घेतो आणि प्रोसेसरला वीज कुठं मिळत नाही ते शोधू लागतो.